एकाच बी.ए.च्या दोन किमती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, एक म्हातारा सेंटर लेथ, एक रेडियल ड्रिल आणि उरलेल्या जागेत कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे ढीग, एवढाच पसारा. मध्यंतरी ऑपरेटर पाहिजे होता म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'आयटीआय किंवा डिप्लोमा, अनुभव असल्यास प्राधान्य', आणि रात्री जेवायला बसेपर्यंत जे बायोडाटा येऊन पडले त्यात बी.कॉम. होते, बी.एस्सी. केमिस्ट्री होते, बी.ई. मेकॅनिकल होते आणि एक एम.ए. मराठी पण होता, त्यानं फोटोखाली 'कोणतेही काम करण्याची तयारी' असं लिहिलं होतं. पगार मी मेसेजमध्ये लिहिलाच नव्हता आणि कुणी विचारलाही नाही.

आता खरं सांगतो, त्या कामाला डिप्लोमा लागत नाही. हात-डोळे शाबूत असतील, वेळेवर यायची सवय असेल आणि दशांश चिन्ह कळत असेल तर पोरगं तीन-चार महिन्यांत पार्ट लावायला, काढायला, मोजायला, मशीनला मापातली दुरुस्ती म्हणजे ऑफसेट द्यायला शिकतं. मग मी डिप्लोमा लिहितो कशाला? तर फोन कमी यावेत म्हणून. ढिगातून एक माणूस निवडायचाय, प्रत्येकाला मशीनवर उभं करून बघायचं तर माझ्याकडं ना तेवढा वेळ ना कापायची तेवढी हत्यारं, मग जो निदान तीन वर्षं कुठंतरी टिकून बसला, परीक्षा देऊन पास झाला, तो इथंही टिकेल असं धरून चालायचं. मी एकटाच असं करतो असंही नाही, शिरोलीला तेच, गोकुळ शिरगावला तेच, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तर गेटवरच्या बोर्डावरच तसं लिहिलेलं असतं.

मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच गणितात बसवून दाखवलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मालकाला माणसाच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून तो डिग्री बघतो. डिग्रीनं माणूस शहाणा झाला नसला तरी चालतं, ज्याला ती मिळवायला कमी त्रास होतो तोच ती मिळवणार, तेवढ्यावर मालकाचं काम भागतं. म्हणजे डिप्लोमा ही माझी चाळणी झाली. पण गंमत अशी की या चाळणीचा एक पैसाही मी देत नाही. तो पोराचा बाप देतो, सरकार देतं, आणि पोरगा त्याची वर्षं देतो. मला फुकट मिळणारी वस्तू आहे म्हटल्यावर मी ती कमी का मागू? उद्या डिप्लोमावाल्यांचीही गर्दी झाली तर मी बी.ई. लिहीन.

हे एवढं कळलं की पुढचं वाक्य तोंडात आपोआपच येतं, मग करा की बंद हे सगळं. आमच्या रंकाळ्यावरच्या सकाळच्या ग्रुपात हे वाक्य आठवड्यातनं एकदा तरी होतंच. एकजण आहेत, हॉटेल चांगलं चालतंय त्यांचं, ते म्हणतात बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते? घरच्या घरी सिनेमाचा कॅमेरा बनवला त्या माणसानं, पहिलं महायुद्ध संपायच्या सुमाराला, इथं कोल्हापुरात. आणि उद्यमनगर कुणी उभं केलं, म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनीच ना, परदेशी इंजिन उघडून बघितलं आणि तसलं इथं बनवलं, कुठलं सर्टिफिकेट होतं? सरकार उगाच करोडो रुपये घालवतंय शाळा-कॉलेजांवर, पोरांना लहानपणापासनं धंद्याला लावा. लई भारी बोलतात. ऐकणारे माना डोलावतात. फक्त एक आहे की त्यांची दोन्ही पोरं सीबीएसईला आहेत आणि थोरला कोट्याला राहून आलाय.

मला बाबूराव पेंटरांबद्दल आणि म्हादबा मेस्त्रींबद्दल आदर आहेच, त्यांच्याच पुण्याईवर आमची पोटं चालतात. पण ती नावं आपल्याला माहिती आहेत ती ते हजारात एक होते म्हणून. त्याच काळात या भागात शाळेचं तोंड न बघितलेली बाकीची जी माणसं होती ती काही कॅमेरे बनवत नव्हती, ती सावकाराच्या वहीवर अंगठा उठवत होती आणि वर काय लिहिलंय ते शेजाऱ्याला विचारत होती. त्यांचा हिशेब धरायचा नाही आणि बाबूरावांचा तेवढा धरायचा, हे काही बरोबर नाही.

तर त्या बायोडाटांतून मी एक बी.कॉम. झालेला पोरगा घेतला. भुदरगडकडचा, स्वभावानं गुणी, सांगितलेलं काम मान खाली घालून करणारा. एका जॉबवर ३५ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक होतं, ड्रॉइंगवर एच-सेव्हन, म्हणजे ३५.०० च्या खाली जायला नको आणि ३५.०२५ च्या वर जायला नको. फिनिशच्या आधी बोअर गेज घालून मोजलं, ३४.९८ आलं. मी म्हटलं, आपल्याला ३५.०१ ला आणायचंय, किती घ्यायचं राहिलंय बघ. पोरगं गेजच्या काट्याकडं बघत राहिलं. मग कंट्रोलच्या स्क्रीनकडं. मग म्हणालं, "पॉइंट तीन." मी म्हटलं परत बघ. बोटं मोडली त्यानं, ओठ हलले, घाम आला बिचाऱ्याला, आणि परत तेच, "पॉइंट तीनच की मालक." पॉइंट तीन टाकलं असतं तर बोअर ३५.२८ झाला असता आणि पाच किलोचं कास्टिंग, त्यावरचं आधीचं सगळं काम धरून, भंगारात. त्यात आमच्या मशीनवर आणखी एक भानगड आहे, पॉइंट द्यायचा राहिला की ते १० ला १० मिलीमीटर धरत नाही, १० मायक्रॉन धरतं, म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. त्या एका टिंबावर आमचा धंदा उभा आहे म्हटलं तरी चालेल.

पॉइंट तीन आणि पॉइंट शून्य तीन यातला फरक पाचवी-सहावीत शिकवतात. हा पोरगा सहावीनंतर नऊ वर्षं शिकला. त्याच्या मार्कशीटवर कॉस्ट अकाउंटिंग आहे, ऑडिटिंग आहे, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे, फर्स्ट क्लास आहे. नऊ वर्षांत एकाही माणसाला ते दिसलं नाही? दिसलं असणार. पण सहावीच्या मास्तरांना सातवीत ढकलायचं होतं, सातवीच्यांना आठवीत, दहावीला गाईड पाठ करून निघालं, आणि कॉलेजात तर तिथवर खाली वाकून बघायची कुणाचीच ड्युटी नव्हती. शेवटी आमच्या शॉपमधल्या जुन्या ऑपरेटरनं, जो स्वतः सातवीतनं शाळा सोडून आलाय, त्याला दुपारच्या सुट्टीत खडूनं फरशीवर चौकोन काढून दशांश शिकवला. आठवड्यात आला. डोकं होतंच हो त्याला.

'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन पोरांपुढं एक साधा उतारा ठेवतात आणि वाच म्हणतात. २०१८ मध्ये देशातल्या पाचवीतल्या पोरांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. कोरोनानंतर २०२२ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आसपास घसरलं, २०२४ ला परत सावरलं तरी निम्म्याच्या आतच. ही पोरं नापास होऊन घरी बसत नाहीत. ती पुढं सरकत सरकत बारावीला येतात, मग बी.ए., बी.कॉम., मग माझ्या व्हॉट्सॲपवर.

याच्या उलट आमचे आबा. चौथी शिकलेले, करवीर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत. त्यांचे गुरुजी स्वतः सातवी फायनल झालेले, तेव्हा सातवी फायनल झालेला माणूस प्राथमिक शिक्षक व्हायचा. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे असे घोटून घेतलेले की आबा पुढं उद्यमनगरात हेल्पर म्हणून लागल्यावर सुताचा हिशेब तोंडी करायचे. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, अर्धा सूत, पाव सूत, दीड सूत, हे सगळं त्यांना कागद न घेता यायचं, आणि नंतर मिलीमीटर आल्यावर २५.४ चं कोष्टक त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागं स्वतः बसून काढलं. चार वर्षांची शाळा. एक मास्तर, एक खोली, पावसाळ्यात गळणारी. त्यावर सरकारचा जो काय खर्च झाला असेल त्याची परतफेड त्या माणसानं किती पटीत केली, पुढं किती पोरांना हाताखाली तयार केलं, याचा आकडा काढायला बसलो तर मला नाही वाटत कुठल्या कॉलेजचा आकडा त्याच्या जवळपास येईल.

म्हणून शाळेवर पैसा घालवावा की नाही हा प्रश्न मला कळतच नाही. घालवावाच. वाद आहे तो कुठल्या वर्षावर आणि कुणावर, हा. आणि हा वाद काही आजचा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात सरळ म्हटलंय की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, खेड्यात प्राथमिक शाळेचे हाल, तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा. पुढं गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं, इंपिरियल कौन्सिलमध्ये ते पडलं. आणि मग १९१७ मध्ये आमच्या शाहू महाराजांनी, एवढ्याशा संस्थानात, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून टाकला, पोराला शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळातला एक रुपया! आज एवढ्या जोरात दंड लावायची कुणाची टाप आहे का बघा.

पण मला महाराजांचं त्याहून भारी काय वाटतं तर बोर्डिंगं. दसरा चौकातनं येता-जाता त्यातली काही सगळ्यांना दिसतात, मराठा, लिंगायत, जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी मिस क्लार्क, १९०१ पासनं एकामागनं एक निघाली. म्हणजे त्यांनी ओळखलं होतं की खेड्यातलं पोरगं शिकत नाही ते मास्तर नाही म्हणून नव्हे, कोल्हापुरात राहायचं कुठं आणि खायचं काय म्हणून. शिक्षणाचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं पगार, इमारती, फी येते, भाकरी-आमटी येत नाही. कुंभोजचे भाऊराव पाटील इथल्या जैन बोर्डिंगात राहिले, मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला गेल्यावरून तिथून बाहेर पडावं लागलं, मॅट्रिकही झाले नाहीत. म्हणजे डिग्रीच्या हिशेबात तो खर्च वायाच गेला की. आणि त्याच माणसानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पोरांना बोर्डिंगात ठेवून, कमवून शिकायला लावून, पश्चिम महाराष्ट्रातली किती घरं वर काढली त्याची मोजदाद नाही. वसतिगृहात राहून पोराला काय मिळतं ते परीक्षेच्या पेपरात येत नसतं.

बरं, देशानं शिक्षणावर उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा हा जो आकडा आपण निवडणूक आली की ऐकतो, तोही एका अर्थानं कोल्हापूरकडचाच. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आजऱ्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभारणारे. आयोगाच्या अहवालात तो आकडा आला, १९६८ च्या धोरणात आला, १९८६ च्या आला, २०२० च्या आला, आणि आजवर एकदाही गाठला गेला नाही. पण नाईकांबद्दल एक गोष्ट कमी सांगितली जाते, की नंतर नंतर तेच शाळाबाह्य, अनौपचारिक शिक्षणाचा जोरानं आग्रह धरायला लागले होते. म्हणजे सहा टक्के द्या म्हणणारा माणूसच म्हणायला लागला की नुसत्या चार भिंतींत ओतू नका.

आपण काय करतो? २० पेक्षा कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत म्हणून २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली, लहान शाळा बंद करून पोरांना मोठ्या शाळेत गाडीनं न्यायचं. राज्यात अशा १४ हजारांच्या वर शाळा निघाल्या. कागदावर बचत दिसते. पण राधानगरी, शाहूवाडीच्या धनगरवाड्यांवर जाऊन बघा, जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो, गाडी कुठवर येते, आणि सात वर्षांचं पोर गव्यांच्या वाटेनं किती चालणार. त्या वाड्यावर दोन मास्तर आणि बारा पोरं हा खर्च तिथल्या पोरांपुरता तरी कुठल्याही युनिव्हर्सिटीपेक्षा जास्त मोलाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. आणि त्या मास्तरला आपण काय देतो, तर सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून २०२३ पर्यंत महिना ६ हजार, २०२३ पासनं १६ हजार. माझ्या शॉपमधला नवा हेल्पर ओव्हरटाइम धरून जवळपास तेवढं मिळवतो, आणि त्याला ना डीएड लागलं ना टीईटी.

दुसऱ्या टोकाला पैसा कसा जातो ते मला आमच्या आक्काच्या घरात बसून दिसतं. आक्का राधानगरी तालुक्यात दिलेली, दाजींची थोडी शेती, चार म्हशी, दूध डेअरीला. भाचा थोरला, भाची दोन वर्षांनी धाकटी. दोघांनीही बी.ए. केलं, कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात, विषय पण एकच, भूगोल. भाचीनं भाच्याच्याच वह्या वापरल्या कारण सर तेच, डिक्टेशन तेच, आणि ती सांगते की एका ठिकाणी कंसात 'विनोद' असं लिहिलेलं होतं, तर सरांनी बरोबर त्याच ओळीला तोच विनोद केला. म्हणजे शिकवणं म्हणून जो काही माल होता तो दोघांना काटेकोर सारखा मिळाला.

भाच्याला त्यातनं काय मिळालं? फॉर्म भरायची पात्रता. २०२३ ची तलाठी भरती आठवा, साडेचार हजारांच्या आसपास जागा, अर्ज १० लाखांच्या वर, फी खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीवला ९००. नुसती ९०० नं गुणलं तरी ९० कोटींच्या वर रक्कम होते, नोकरी लागायच्या आधीच, नोकरी न लागणाऱ्यांच्या खिशातून. त्यानंतर २०२४ ची पोलीस भरती, १७ हजारांच्या आसपास जागांना १७ लाखांच्या वर अर्ज. भाचा दोन्हीकडं होता. पुण्याला सदाशिव पेठेत कॉट घेतलाय, म्हणजे खोली नव्हे, खोलीतला एक कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, महिन्याला दहा-बारा हजार जातात, म्हशीच्या दुधाचं दहा दिवसांचं बिल आलं की आक्का आधी ते बाजूला काढून ठेवते. पोरगं आळशी नाही. पहाटे उठून बसतं. पण हजार जागांसाठी लाखभर पोरं पहाटे उठली म्हणून जागा काही वाढत नाहीत, फक्त कटऑफ वाढतो. हा खर्च सरकारच्या कुठल्या बजेटात दिसतो? कुठंच नाही. शिक्षणावर किती टक्के खर्च झाला ते सांगणाऱ्या आकड्यात आक्काच्या म्हशी नसतात, आणि भाच्याची उमेदीची वर्षं तर नसतातच.

इथवर आलं की हॉटेलवाले आमचे मित्र म्हणणार, बघा, मी काय सांगत होतो. थांबा जरा, भाचीचं राहिलंय.

भाची पाचवीपासनं एसटीनं शाळेला गेली. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं योजना आहे, आणि दाजी कबूल करतात की पास फुकट नसता तर आठवीलाच म्हटलं असतं की पुरे आता. बारावी झाल्यावर घरात चर्चा सुरू झाली, स्थळ एक आलंच होतं, पण कॉलेजात नाव घातलंय म्हटल्यावर पावण्यांना सांगायला कारण झालं. तीच म्हणते, "मामा, कॉलेज हाय तोवर पावणं दारात थांबत्यात, कॉलेज सुटलं की थेट सोप्यात येऊन बसत्यात." त्या तीन वर्षांत ती रोज एसटीनं कोल्हापूरला आली-गेली. वर्गात किती बसली विचाराल तर तिला पण सांगता येणार नाही. पण स्वतःच्या नावाचं बँकेत खातं काढलं, शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा रिजेक्ट झाला तो तालुक्याला तीन हेलपाटे घालून मंजूर करून आणला, मैत्रिणीच्या गाडीवर शिकून लायसन काढलं, करवीर नगर वाचन मंदिराची मेंबर झाली, १८५० पासनंची लायब्ररी आहे ती, तिथं बसून काय काय वाचत असते. दाजींच्या पीक विम्याचा क्लेम ऑनलाइन तीच भरते. आणि एकदा स्टँडवर कंडक्टरशी भांडून पाच पोरींना शेवटच्या गाडीत जागा करून दिली, ते तर अख्ख्या गावाला माहिती आहे.

यातलं एकही काम भूगोलाच्या वहीत नव्हतं. पण भूगोलाची वही नसती तर तिला घराबाहेर सोडलंच नसतं. त्याच कॉलेजात, त्याच सरांच्या, त्याच विनोदासकट असलेल्या बी.ए.नं भावाची तीन वर्षं घेतली आणि बहिणीला तीन वर्षं दिली. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली, पाचात एक, आणि हे आपण पुरोगामी राज्य. त्याच पाहणीत देशभराचा आकडा असा आहे की शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा पुढं शिकलेलीला १.८. आता त्यातलं किती श्रेय पुस्तकाला आणि किती नुसत्या उशिरा झालेल्या लग्नाला, ते अर्थशास्त्रज्ञ भांडोत बापडे. आमच्या भाचीपुरतं मला दिसतं ते एवढं की नाव पटावर होतं.

शाहू महाराजांनी आपल्या बालविधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, घरचा विरोध असताना सोनतळीला शिकवणीची व्यवस्था करून शिकवलं. आता राजघराण्यातल्या सुनेला नोकरी करायची नव्हती, तिला डिग्री दाखवून कुठं लागायचं नव्हतं. मग कशाला शिकवलं असेल? मला तो प्रसंग नेहमी या वादात आठवतो.

तर गेल्या सुट्टीत आक्काकडं गेलो होतो तेव्हा विषय निघाला. पैसे एकाच कामाला पुरतील एवढे. भाच्याला पुण्याला अजून एक वर्ष काढायचं होतं आणि भाचीला शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला जायचं होतं, हॉस्टेलला राहून. दाजींचं मत अर्थातच ठरलेलं, पोरगी शिकून परक्याच्या घरी जाणार, पोराचं मार्गी लागू दे. मी म्हटलं, दाजी, उलटं करा. पोराला माझ्याकडं पाठवा, सहा महिन्यांत ऑपरेटर करतो, दोन वर्षांत प्रोग्रॅमिंग शिकवतो, भूगोलवाला आहे, नकाशा वाचता येतो म्हणजे ड्रॉइंगही वाचेल. आणि हॉस्टेलचे पैसे पोरीचे भरा.

दाजी गालातल्या गालात हसले. म्हणाले, "पावणं, तुम्ही जाहिरातीत डिप्लोमा मागता आणि आमच्या बी.ए.ला विदाउट डिप्लोमा घेता, ते नात्यातनं. उद्या तुमचं शॉप नाही चाललं तर दुसऱ्या मालकाच्या दारात हे काय दाखवणार?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण दुसरा मालक पण माझ्यासारखाच. मग ते जरा पुढं सरकून हळू आवाजात म्हणाले, "आणि दुसरी गोष्ट. मशीनवर हाय म्हटल्यावर पोरगी कोण देणार त्याला? सरकारी नोकरीचा फॉर्म भरलाय म्हटलं तरी अजून फोटो येत्यात. मशीनवर लागला की तेबी बंद."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडं तिशी उलटलेली, घर-शेती असलेली, चांगली कमावती पोरं बसून आहेत, आणि पुण्यात कॉटवर असलेल्याच्या बायोडाटावर 'स्पर्धा परीक्षेची तयारी' हे एक कॉलम म्हणून चालतं. कुठल्याच अर्थशास्त्रज्ञानं तो फायदा डिग्रीच्या हिशेबात धरलेला नसेल, पण दाजींनी धरला होता.

आत भाची कणीक मळत होती, तिला सगळं ऐकू गेलं असणार. तिथनंच ओरडली, "मला चालंल की मशीनवाला. पण एम.ए. झाल्यावर बघायला या म्हणावं."

दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "बघा. हे शिकिवलंय तुमच्या कॉलेजनं."